मोठेपणीच्या शिक्षणाला सोबत हवी

1989 सालच्या मे ते जुलै या काळात महाराष्ट्रात दोन मोठ्या गोष्टी सुरू झाल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे तेव्हा फारसे कोणाला वाटले नसावे. 26 मे रोजी उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, 1 जुलैला, नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. बंदराने उरणच्या माणसांपुढे नवी कामे आणली आणि त्या कामांबरोबर ‘किमान शैक्षणिक अर्हता’ ही अटही आणली. ज्यांच्याकडे ती अर्हता नव्हती, त्यांच्यासाठीच मुक्त विद्यापीठ उभे राहत होते. पस्तीस वर्षांहून अधिक काळ या दोन्ही संस्था चालू आहेत, तरी उरण परिसरातला चाळिशीचा खलाशी किंवा घर सांभाळणारी बाई आणि नाशिकची पदवी यांच्यातले अंतर पुरेसे मिटलेले नाही. ते का मिटले नाही, हे समजून घेण्यासाठी मोरा बंदर आणि त्याचा आसमंत हे फार उपयोगी ठिकाण आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: मोठ्या माणसाने नोकरी-संसार सांभाळून मिळवलेली पदवी कायद्याने दुय्यम नाही आणि गुणवत्तेनेही ती दुय्यम असायचे कारण नाही. पण ती त्याच्या हाती पडायची तर प्रवेश खुला ठेवून भागत नाही. त्याच्या कामाच्या वेळा ओळखणारी आणि अडल्यावर उत्तर देणारी सोबत त्याला घराजवळ मिळावी लागते.

मोरा हे उरणचे जुने बंदर. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच साधारण तासाभरात इथे लागते, आणि मोठ्या ओहोटीला गाळामुळे लागू शकत नाही, म्हणून फेऱ्या थांबवाव्या लागतात. इथला कोळीवाडा, पलीकडचे करंजा, समोर समुद्रात घारापुरी आणि मागे जासई, फुंडे, नवघर अशी शेती-मिठागरांची गावे, असा हा मुलूख आहे. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनींवर भूसंपादनाचा शिक्का बसला. 1974 मध्ये मुंबई हायला तेल सापडले आणि पुढे ओएनजीसीचा प्रकल्प उरणला आला. मग बंदर आले. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी जो लढा झाला, त्यात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना ही त्या लढ्याची मिळकत. समुद्रावर जगणाऱ्यांचे नुकसानही कागदावर मान्य झाले आहे. 2015 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या कोळीवाड्यांतल्या 1,630 कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला होता. भूखंड आणि भरपाई या मागण्या रास्त होत्या व आहेत. पण पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा हातातून गेल्यावर दुसऱ्या धंद्यात शिरायला जे लागते, त्याची तरतूद भूखंडात किंवा रोख रकमेत नसते. ‘जमिनीच्या बदल्यात नोकरी’ ही घोषणा ज्या घरांत पोचली, तिथे पुढचा प्रश्न आला तो शिक्षण किती, हा.

या प्रश्नाचे वजन किती आहे, ते नियम वाचले की कळते. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड च्या पदांत प्रकल्पग्रस्तांना 5 टक्के समांतर आरक्षण आहे आणि वयोमर्यादा 45 पर्यंत शिथिल होते. म्हणजे वयाची सवलत आहे, अर्हतेची नाही. पदासाठी बारावी हवी असेल, तर प्रकल्पग्रस्ताचा दाखला हातात असलेल्या माणसालाही बारावी व्हावेच लागते. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ही गावातल्या गावात करता येणारी कामे. 2023 पासून या पदांसाठी बारावी उत्तीर्ण असणे बंधनकारक झाले. त्याआधी मदतनिसाला सातवी पुरत असे. पोलीस पाटील व्हायचे तर दहावी हवी. 1 जानेवारी 1995 रोजी किंवा नंतर जन्मलेल्या माणसाला थेट सरपंचपदाला उभे राहायचे तर सातवी हवी. बंदरातही हेच घडले. 2022 मध्ये स्वतःचे कंटेनर टर्मिनल खासगी चालकाकडे सोपवून जेएनपीए, म्हणजे जवाहरलाल नेहरू बंदराचे प्राधिकरण, पूर्णपणे जमीनमालकाच्या भूमिकेत गेले. आता तिथली बहुतेक भरती खासगी कंपन्या करतात, आणि त्यांच्याकडे कामगार संघटनेच्या ताकदीइतकेच, किंबहुना जास्त, उमेदवाराच्या फाइलीतल्या कागदांना महत्त्व असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या साधारण निम्म्याच स्त्रियांचे दहा वर्षे शालेय शिक्षण झालेले होते. उरलेल्या निम्म्या जणींपैकी बहुतेकींचे शाळेत बसायचे वय केव्हाच मागे पडले आहे. त्यांच्यासाठी वर सांगितलेला एकेक नियम म्हणजे एकेक बंद दार आहे.

आता ही दारे उघडायचे मार्ग कोणते, हे नीट सांगायला हवे, कारण अर्धवट माहितीने माणसे फसतात. दहावी-बारावीसाठी आपल्याकडे सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म. ‘बाहेरून बसणे’ म्हणतात ते हेच. ठरवून दिलेल्या शाळेमार्फत खासगी विद्यार्थी म्हणून नाव नोंदवायचे आणि नियमित मुलांबरोबर तीच प्रश्नपत्रिका सोडवायची. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. तिथे नोंदणी पाच वर्षे टिकते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सोडवत पुढे जाता येते. कामावर जाणाऱ्या माणसाला हा मार्ग जास्त सोसतो, पण आपल्या भागात तो अजूनही कमी लोकांना माहीत आहे. पदवीसाठी नाशिकचे मुक्त विद्यापीठ, 1985 च्या कायद्याने स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आणि 1971 पासून पत्रद्वारे शिक्षण देत आलेला मुंबई विद्यापीठाचा दूरशिक्षण विभाग, हे तीन ठळक पर्याय. नाशिकच्या विद्यापीठाने सुरुवातीपासून एक वेगळी वाटही काढली होती: ज्यांची बारावी झालेली नाही, पण वय अठराच्या पुढे आहे आणि लिहिता-वाचता येते, त्यांनी पूर्वतयारी अभ्यासक्रम पुरा करायचा आणि थेट पदवीच्या पहिल्या वर्षाला बसायचे. हजारो घरांतली पहिली पदवी या वाटेने आली. मात्र पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. अंगणवाडीसारख्या ठिकाणी जिथे बारावीच मागतात, तिथे ती चालेल असे गृहीत धरू नये. आपल्याला नेमका कोणता कागद लागणार आहे हे आधी पाहावे आणि मग मार्ग निवडावा. प्रत्यक्षात बहुतेक जण उलट क्रमाने जातात आणि दोन-तीन वर्षे गमावतात.

मोठ्या माणसाने काम सांभाळून शिकावे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही, आणि ती आपण पाश्चात्त्यांकडून उसनी आणली असेही नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 मध्येच पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा चालवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाने सकाळचे वर्ग भरवले, ते दिवसा कचेरीत किंवा गिरणीत जाणाऱ्यांना शिकता यावे म्हणून. या दोन्ही प्रयत्नांमागचा विचार एकच होता: शिकणाऱ्याचा दिवस जसा आहे तसा स्वीकारायचा आणि शिक्षणाची वेळ त्याच्याभोवती बसवायची. पुढे 1969 मध्ये ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, 1982 मध्ये आंध्र प्रदेशात भारतातले पहिले मुक्त विद्यापीठ निघाले आणि राम ताकवले यांच्या कुलगुरुपदाखाली नाशिकचे विद्यापीठ उभे राहिले. नाशिकच्या विद्यापीठाचे सर्वांत मोठे काम म्हणजे मराठीतून छापलेली, स्वतःचे स्वतः वाचून समजेल अशा बेताने लिहिलेली पुस्तके. आज जालावर अभ्यासक्रमांचा महापूर आहे, केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठही 2017 पासून चालू आहे, पण त्यातला बहुतेक मजकूर इंग्रजीत आहे. सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला मराठी पुस्तकाची किंमत किती वाटते, हे शहरी वाचकाला चटकन समजणार नाही.

इतके असूनही माणसे मध्येच का सोडतात? याचे पहिले उत्तर साध्या हिशेबात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे 30 तासांचे काम. तीन वर्षांच्या पदवीला 120 श्रेयांक धरले, तर 3,600 तास होतात. तीन वर्षांत हे बसवायचे तर आठवड्याला 23 तास, म्हणजे रोज सव्वातीन तास, एकही सुट्टी न घेता. बारा तासांची पाळी करून येणाऱ्या कंटेनर यार्डातल्या कामगाराने किंवा पहाटे मासळी घ्यायला जाणाऱ्या बाईने हे तास आणायचे कुठून? हीच पदवी सहा वर्षांत करायचे ठरवले तर आठवड्याला साडेअकरा तास पुरतात, आणि ते कष्टाने का होईना जमू शकते. मुक्त विद्यापीठे नेमल्यापेक्षा जास्त वर्षे देतात ती यासाठीच. पण प्रवेश घेताना हा हिशेब विद्यार्थ्यासमोर कोणी मांडत नाही. तो तीन वर्षांच्या आशेने येतो, पहिल्या वर्षी दोन विषय राहतात, आणि आपल्याला डोके नाही असा निष्कर्ष काढून घरी बसतो. कमी पडलेला असतो वेळ, पण तो दोष देतो स्वतःच्या बुद्धीला. मोठेपणी शिकणाऱ्यांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त सलते ते हेच.

मोरा-करंजासारख्या किनाऱ्यावर वेळेचा प्रश्न आणखी वेगळा आहे. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. लाँचवर काम करणाऱ्याचा आणि मासेमारीला जाणाऱ्याचा दिवस घड्याळापेक्षा पाण्यावर चालतो. मुंबई-रायगड किनाऱ्यावरची डोल जाळ्याची मासेमारी उधाणाच्या जोरदार प्रवाहावर होते. भांगाच्या दिवसांत पाणी मंद असते आणि काम हलके पडते. त्यात 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. म्हणजे कोळी कुटुंबाकडे अभ्यासाला वेळ असतो, पण तो दर पंधरवड्यातल्या काही दिवसांत आणि पावसाळ्याच्या दोन महिन्यांत गोळा झालेला असतो. दर रविवारी सकाळी दहाला भरणारे संपर्कसत्र या माणसाच्या काही उपयोगाचे नाही. त्याला भांगाच्या दिवसांत संध्याकाळचे दोन तास आणि जून-जुलैत सलग वर्ग मिळाले, तर वर्षाचा बराचसा अभ्यास तेवढ्यात उरकेल. यासाठी नवा कायदा लागत नाही, विद्यापीठाची परवानगीही फारशी लागू नये. लागते ते स्थानिक केंद्र चालवणाऱ्याला तिथीप्रमाणे चालणारे पाणी समजणे. मुक्त शिक्षणातल्या लवचीकतेबद्दल खूप बोलले जाते, मात्र ती बहुतेकदा शहरातल्या नोकरदाराच्या आठवड्यापुरती असते.

दुसरे उत्तर एकटेपणाचे आहे. अमेरिकी अभ्यासक मायकेल मूर यांनी 1970 च्या दशकापासून एक सिद्धांत मांडला आहे. त्यांचे म्हणणे असे, की दूरशिक्षणातले खरे अंतर मैलांत मोजता येत नाही. शिकणारा आणि शिकवणारा यांच्यात संवाद किती कमी आहे, यावर ते ठरते. शेजारच्या खोलीतल्या शिक्षकाशी बोलणे होत नसेल तर तेही दूरशिक्षणच, आणि शेकडो मैलांवरून वेळेत उत्तर येत असेल तर ते जवळचे शिक्षण. स्वीडनचे बर्ये होल्मबर्ग यांनीही छापील पाठ हा वाचणाऱ्याशी केलेला संवाद वाटला पाहिजे, असा आग्रह धरला. जगभरच्या मुक्त विद्यापीठांत अर्ध्यातून सोडणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या महाविद्यालयांपेक्षा जास्त असते, आणि जिथे मार्गदर्शक स्वतःहून विद्यार्थ्याची चौकशी करतो तिथे लोक टिकून राहतात, असाच अनुभव पुन्हा पुन्हा नोंदला गेला आहे. ‘स्वतःहून’ हा यातला महत्त्वाचा भाग. मोठा माणूस अडला की विचारायला येत नाही. वीस वर्षे घर चालवलेल्या माणसाला आपल्याला अपूर्णांक येत नाहीत हे मुलाच्या वयाच्या शिक्षकापुढे कबूल करणे जड जाते. तो गप्प राहतो, गृहपाठ देत नाही आणि परीक्षेला येत नाही. त्याच्या घरी एक फोन गेला असता तर तो कदाचित आला असता. आपल्या बऱ्याच अभ्यासकेंद्रांचे काम प्रवेश अर्ज भरून घेणे, पुस्तके वाटणे आणि परीक्षेची बैठक व्यवस्था इथवरच संपते. केंद्रचालकाला मिळणारे पैसे प्रवेशाच्या संख्येशी बांधलेले असतील आणि उत्तीर्ण होणाऱ्यांच्या संख्येशी नसतील, तर याहून वेगळे काही होणारही नाही.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप दर्जाचा. मुक्त विद्यापीठाची पदवी म्हणजे विकत घेतलेली पदवी, तिथे कॉप्या चालतात, असे सर्रास बोलले जाते. काही परीक्षा केंद्रांवर गैरप्रकार झाले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याने खरा अभ्यास केला त्याचे नुकसान अशा केंद्रांनी सर्वांत जास्त केले आहे, म्हणून त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण कॉपी ही दूरशिक्षणाची खास देणगी नाही. नियमित महाविद्यालयांच्या आणि बोर्डाच्या परीक्षांतही दरवर्षी भरारी पथके पाठवावी लागतात. कायदा स्पष्ट आहे. मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने मिळवलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, असे अनुदान आयोगाने 2022 मध्ये पुन्हा जाहीर केले. देशाच्या उच्च शिक्षणाच्या 2021-22 च्या सर्वेक्षणात एकूण 4.33 कोटी विद्यार्थ्यांपैकी 45.73 लाख दूरशिक्षणात होते, आणि त्यांत 20.9 लाख स्त्रिया होत्या. म्हणजे उच्च शिक्षण घेणाऱ्या दर दहा जणांतला एक जण या वाटेने जातो. इतक्या मोठ्या समूहाला सरसकट खोटे ठरवणाऱ्याने आधी त्यातल्या एखाद्याची उत्तरपत्रिका वाचावी.

दुसरा आक्षेप अलीकडचा आहे आणि तो उरणकरच घेतात. 12 जानेवारी 2024 रोजी खारकोपर ते उरण रेल्वे सुरू झाली, त्याच दिवशी अटल सेतूही खुला झाला. फुंडे येथे रयत शिक्षण संस्थेचे वीर वाजेकर महाविद्यालय आहे, उरणमध्ये कोकण ज्ञानपीठाचे महाविद्यालय आहे. घारापुरीलाही 2018 मध्ये समुद्राखालून वीज पोचली. मग दूरशिक्षणाची गरज कोणाला? अठरा वर्षांच्या मुलामुलींपुरते हे बरोबर आहे. त्यांनी महाविद्यालयातच जावे, ग्रंथालय आणि सोबती यांचा पुरेपूर फायदा घ्यावा. त्यांना कोणी दूरशिक्षणाकडे वळवू नये. पण चाळिशीच्या माणसाला अडवणारे अंतर कधीच किलोमीटरचे नव्हते. सेतूने मुंबई वीस मिनिटांवर आली तरी त्याची पाळी, तिचा स्वयंपाक, सासूबाईंचे आजारपण यांत काही फरक पडत नाही. उलट वाहतूक सुधारली की कामाला लांब जाणारे वाढतात आणि गावात राहून शिकायचा वेळ आणखी घटतो. नव्या रेल्वेने अभ्यासकेंद्राची गरज कमी केलेली नाही. चांगला शिक्षक बेलापूर-नेरूळहून संध्याकाळी उरणला येऊन परत जाऊ शकेल, ही सोय मात्र तिने नक्की केली आहे, आणि तिचा उपयोग अजून कोणी करून घेतलेला दिसत नाही.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वांत गंभीर वाटतो. ज्याला काम येते त्याच्याकडे कागद का मागायचा? ज्याने लहानपणापासून मोरा बंदराच्या गाळात आणि वाऱ्यात होडी चालवली, त्याला दर्या कळतो. दहावी नापास असल्याने त्याचे ज्ञान कमी होत नाही. हे खरे आहे, आणि जिथे शिक्षणाची अट निरर्थक आहे तिथे ती काढून टाकणे हाच न्याय आहे. 2019 मध्ये केंद्र सरकारने व्यावसायिक वाहनचालकांसाठी असलेली आठवी उत्तीर्णतेची अट काढण्याचा निर्णय घेतला. उरणच्या रस्त्यांवरून रोज ट्रेलर नेणाऱ्या कितीतरी चालकांच्या दृष्टीने तो योग्य निर्णय होता, कारण गाडी चालवण्याची परीक्षा गाडीवरच घेतली पाहिजे. लाँचवर सारंग म्हणून उभे राहायचे तर महाराष्ट्र सागरी मंडळाचे सक्षमता प्रमाणपत्र लागते. प्रवाशांच्या जिवाशी संबंध असल्याने ही अट हवीच, पण ती अनुभवाची नीट किंमत करणारी असावी. कौशल्य विकास योजनेत आधीपासून येत असलेले काम तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, आणि 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात अनुभवालाही श्रेयांक द्यायचे तत्त्व मान्य झाले आहे. विद्यापीठांनी हे तत्त्व मनापासून राबवले, तर होडी चालवणाऱ्या तांडेलाच्या वीस वर्षांना पदवीच्या हिशेबात जागा मिळेल. एवढे मान्य करूनही शिक्षण अनावश्यक ठरत नाही. भूसंपादनाचा निवाडा, सातबारा, कंत्राटी कामाचा करार, भरपाईचे प्रतिज्ञापत्र ही कागदपत्रे उरणच्या घराघरांत आहेत, आणि ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागल्याची किंमत या तालुक्याने मोजलेली आहे.

वयाचा आक्षेप फार वेळ घेऊ नये. पंचेचाळिशीत पदवी घेऊन कोण नोकरी देणार, असे विचारतात. सरकारी नोकरीपुरती वयोमर्यादा आहेच. अंगणवाडीसाठी ती साधारणपणे 35 आहे. ज्याला अशा पदाकडे जायचे आहे त्याने वर्षे मोजून लवकर सुरुवात करावी. पण आधीच नोकरीत असलेल्याला बढतीसाठी, बचत गट चालवणाऱ्या बाईला हिशेबासाठी, मच्छीमार सोसायटीच्या संचालकाला ताळेबंद वाचण्यासाठी वयाची अट आडवी येत नाही. मूल दहावीला असताना आईही दहावीला बसली, तर त्या घरातल्या अभ्यासाची हवा बदलते. हा फायदा कोणत्याच वेतनश्रेणीत दिसत नाही, म्हणून तो नाही असे होत नाही.

प्रवेश घेणाऱ्याने स्वतःचे रक्षणही करावे. संस्थेला त्या वर्षी, त्या अभ्यासक्रमासाठी अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर पैसे भरू नयेत. अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, परिचर्या, कायदा हे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने करता येत नाहीत. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या पत्रद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्या अमान्य ठरवल्या, तेव्हा नोकरीत असलेल्या अनेकांच्या पायाखालची जमीन सरकली. 2009 च्या अण्णामलै विद्यापीठाच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की आधी पदवी न घेता मुक्त विद्यापीठातून थेट मिळवलेली पदव्युत्तर पदवी ग्राह्य नाही. एका वर्षात पदवी, परीक्षा न देता पदवी, मागच्या तारखेची पदवी असे कोणी सांगितले तर तिथून उठून यावे.

उरण तालुक्यात नेमके काय करता येईल, तेही सांगतो. महाविद्यालयांच्या इमारती संध्याकाळी रिकाम्या असतात. जेएनपीए, ओएनजीसी आणि सिडको यांच्याकडे सामाजिक दायित्वाचा निधी असतो. तो दप्तरवाटपाबरोबर एका मार्गदर्शकाच्या मानधनावरही खर्च व्हावा. त्या मार्गदर्शकाचे काम शिकवण्यापेक्षा चौकशी करण्याचे असावे: कोण सत्राला आले नाही, कोणाचा गृहपाठ राहिला, कोणाला इंग्रजीची भीती वाटते, कोणाची परीक्षा आणि घरातले लग्न एकाच दिवशी येत आहे. मोरा कोळीवाड्यासाठी वर्ग भांगाच्या दिवसांत आणि जून-जुलैत घ्यावेत, आणि ते समाजमंदिरात घ्यावेत, कारण महाविद्यालयाच्या फाटकातून आत जायला पहिल्या वर्षी धीर होत नाही. बायकांसाठी वर्गाच्या शेजारच्या खोलीत मुले सांभाळायची सोय हवी. केंद्राच्या कामाचे मोजमाप प्रवेशांच्या आकड्यावर न ठेवता किती जण शेवटच्या परीक्षेला बसले, यावर ठेवावे. हे सगळे मिळून एखाद्या कंपनीच्या वार्षिक समारंभाच्या खर्चाइतकेही होणार नाही.

उरण-पनवेल परिसरात आता शिक्षक, प्राध्यापक, बँकेतले निवृत्त अधिकारी, बंदरातून निवृत्त झालेले पदवीधर यांची संख्या मोठी आहे. यांतल्या अनेकांनी स्वतः बाहेरून परीक्षा दिल्या आहेत आणि ते कोणालाही न सांगता मागे ठेवले आहे. त्यांना माझी विनंती आहे, की आपल्या वाडीत सतरा नंबरचा फॉर्म भरलेले किंवा मुक्त विद्यापीठात नाव घातलेले दोन जण शोधा, त्यांचा फोन नंबर घ्या आणि परीक्षा होईपर्यंत दर आठवड्याला त्यांना एकदा विचारा, की अभ्यास कुठवर आला.